उजेडानें पक्की होणारी शाई

शाई वाळते म्हणजे नेमकें काय होतें, हा प्रश्न छापखान्याबाहेरच्या माणसाला सहसा पडत नाहीं. छापलेला कागद हातांत आला कीं अक्षरें वाचावयाचीं, एवढाच आपला शाईशीं संबंध. परंतु श्रोतेहो, ज्यांनीं ज्यांनीं म्हणून छपाईचा धंदा केला, त्यांची अर्धी कटकट शाई वाळण्याची आहे. ती लवकर वाळली तर यंत्रावरच वाळते, आणि उशिरां वाळली तर एका तावावरची अक्षरें दुसऱ्या तावाच्या पाठीवर उठतात. या जुन्या कटकटीवर निघालेल्या एका नव्या तोडग्याविषयीं मी आज बोलणार आहें. हा तोडगा म्हणजे इंकजेट यंत्रांतून थेंबाथेंबानें उडविली जाणारी आणि प्रकाशाच्या झोतानें क्षणार्धांत घट्ट होणारी शाई. ती तयार करणें इतकें अवघड कां आहे, आणि कोरेगांवसारख्या तालुक्याच्या गांवाला तिच्याशीं काय कर्तव्य आहे, हे दोन मुद्दे मला आज मांडावयाचे आहेत.

शाई वाळण्याच्या जुन्या तऱ्हा तीन. पहिली मुरण्याची. वर्तमानपत्राचा सच्छिद्र कागद शाईंतील तेल पिऊन टाकतो आणि काळें द्रव्य वर राहतें. म्हणूनच शिळ्या वर्तमानपत्रानेंही बोटें काळीं होतात. दुसरी तऱ्हा उडून जाण्याची. टांकाच्या शाईंतील पाणी हवेंत जातें, किंवा पिशव्यांवर छापण्याच्या शाईंतील स्पिरिटासारखें द्रव्य उडून जातें, आणि रंग मागें उरतो. तिसरी तऱ्हा तेलाची. जवसाचें तेल पातळ थरांत पसरलें म्हणजे तें हवेंतील प्राणवायु शोषून घेतें व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग छापलें, तेव्हां शाईदेखील त्यांनीं स्वतःच तयार केली होती. त्या काळच्या छपाईच्या शाईचा सर्वसाधारण मसाला म्हणजे उकळून दाट केलेलें जवसाचें तेल आणि काजळी. अशी शाई वाळावयास तासच्या तास लागत, आणि पावसाळ्यांत तर छापणाऱ्याच्या धीराची कसोटी लागे.

चौथी तऱ्हा प्रकाशाची. हिचें तत्त्व वाटतें तितकें नवें नव्हे. फ्रान्समधील निसेफोर न्येप्स यानें १८२० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, एका जातीच्या डांबराचा पातळ थर जेथें प्रकाश पडेल तेथें कठीण होतो आणि बाकीचा तेलानें धुऊन निघतो. आपल्याकडे पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याच्या नांवांतच हें तत्त्व सांठविलेलें आहे. बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनावर प्रकाश पडला म्हणजे तें पाण्यांत विरघळेनासें होतें. या गुणाचा उपयोग करून नकाशे जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत आणि मग त्यांच्या प्रती काढीत. तेथें प्रकाशानें घट्ट होत असे तो ठसा बनविण्यासाठीं लागणारा थर. शाई मात्र जुनीच. खुद्द शाईच प्रकाशानें घट्ट करावी ही कल्पना पुढची. तशा शाईचें पेटंट १९४६ सालीं अमेरिकेंत निघालें, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ही शाई इंकजेट यंत्रांत शिरली.

शास्त्रीय भाषेंत हिला विकिरणानें पक्की होणारी शाई म्हणतात. विकिरण हा शब्द ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. लासलगांवीं कांद्याला कोंब येऊं नयेत म्हणून जे गामा किरण वापरतात, त्यांचा येथें संबंध नाहीं. येथील विकिरण म्हणजे बहुधा अतिनील प्रकाश, जो उन्हांतही असतो. फक्त येथें तो दिव्यांतून काढून एका अरुंद पट्ट्यावर एकवटलेला असतो. तो डोळ्यांना व कातडीला अपाय करतो, यास्तव दिव्याभोंवतीं झांकण हवेंच. पण त्यानें छापलेली वस्तु किरणोत्सारी होत नाहीं.

आतां कोरेगांवाकडे वळूं. पुणें-मिरज लोहमार्गावरील हें गांव. या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेला हा घेवडा खुल्या पोत्यांतून विकला गेला, तर त्याचें नांव वाटेंतच गळून पडतें, आणि दुसऱ्या कोठला तरी घेवडा त्याच नांवानें खपूं लागतो. यावर उपाय एकच. माल लहान पिशवींत भरावा, आणि पिशवीवर गांव, उत्पादक, मानांकनाचें चिन्ह, भरल्याची तारीख हें सारें स्पष्ट छापावें. पण ग्रॅव्ह्युअर पद्धतीच्या छपाईंत प्रत्येक रंगासाठीं धातूचा रूळ कोरावा लागतो. तो खर्च लाखों पिशव्यांवर वांटला गेला तरच परवडतो. दोन-तीनशें पिशव्या हव्या असणाऱ्या शेतकऱ्याला तो दरवाजा बंदच असतो. इंकजेट यंत्राला रूळ नको, ठसा नको. आज घेवड्याची पिशवी, उद्यां आल्याची, परवां सांगलीकडच्या हळदीची. प्रत्येक पिशवीवर वेगळा क्रमांकसुद्धां छापतां येतो.

मात्र पिशवी प्लास्टिकची. तिच्यावर पाण्याची शाई म्हणजे अळवावरचें पाणी. मुरावयास जागाच नाहीं. उडून जाणाऱ्या द्रवाची शाई चिकटते खरी, पण उडालेला द्रव जातो कोठें? तो त्या खोलींतील कामगाराच्या छातींत जातो. म्हणून अशी शाई हवी कीं जिच्यांतील कांहींच उडून जाऊं नये, कांहींच मुरूं नये, आणि जेवढी पडली तेवढी सगळी जागच्या जागीं घट्ट व्हावी. प्रकाशानें पक्की होणारी शाई ती हीच.

तिच्यांतील घटक पाहूं. मुख्य भाग अॅक्रिलेट नांवाच्या द्रवांचा. त्यांचे लहान रेणु म्हणजे मोनोमर, आणि असे थोडे रेणु आधींच जोडून केलेले मोठे रेणु म्हणजे ऑलिगोमर. शिवाय रंगद्रव्याची बारीक पूड, सांठवणींत शाई आपोआप घट्ट होऊं नये म्हणून अल्पसें रोधक द्रव्य, आणि शेंकडा कांहीं भाग प्रकाशारंभक. हा प्रकाशारंभक म्हणजे गंजींत टाकलेली ठिणगी होय. प्रकाश पडतांच त्याचा रेणु फुटतो व त्याचे तुकडे मोनोमरला जाऊन भिडतात. भिडलेला मोनोमर पुढच्याचा हात धरतो, तो त्याच्या पुढच्याचा, आणि पाहतां पाहतां सांखळी वाढते. ज्या मोनोमरला एकच जोड आहे त्याला एक हात पुढें व एक मागें एवढेंच करतां येतें. लोणंदच्या वाटेवरच्या दिंडीसारखी त्याची रांग लागते. ज्याला दोन किंवा तीन जोड आहेत तो एकाच वेळीं अनेक रांगांना धरून ठेवतो आणि रांगांचें जाळें विणलें जातें. द्रव शाईचा टणक थर होतो तो या जाळ्यामुळें. हा सारा प्रकार डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों उरकतो.

हें ऐकून असें वाटेल कीं, काम फत्ते झालें. पण शाई तयार करणाऱ्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. इंकजेट यंत्राचें तोंड म्हणजे मनुष्याच्या केसाहून बारीक अशीं शेंकडों छिद्रें, आणि प्रत्येक छिद्रांतून सेकंदाला हजारों थेंब उडावयाचे. एक थेंब दहा पिकोलिटरचा धरला तर एक लिटर शाईचे शंभर अब्ज थेंब होतात. असा थेंब सुटावा, त्याला शेपूट राहूं नये, वाटेंत तो फुटूं नये, यासाठीं शाईचा दाटपणा पाण्याच्या सुमारें दहापटच असावा लागतो, आणि तोही यंत्राचें तोंड चाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापवून. ऑफसेटची शाई काकवीहूनही दाट चालते. इंकजेटची शाई घरांतल्या गोड्या तेलाहूनही पातळ लागते. आतां गोम अशी कीं, थराला चिवटपणा देणारे रेणु मोठे असतात, आणि मोठे रेणु शाई दाट करतात. पातळपणा हवा तर लहान रेणु घालावे लागतात. पण लहान रेणूंना वास अधिक, ते कातडीला झोंबतात, कित्येकांना त्यांची कायमची अॅलर्जी जडते, आणि सांखळींत न अडकतां मागें राहिले तर तेच सर्वांत आधीं निसटतात. पातळपणा आणि निर्धोकपणा यांची ही ओढाताण म्हणजे या शाईच्या शास्त्राचें मर्म होय.

रंगद्रव्याचीही अशीच तऱ्हा आहे. त्याचे कण छिद्रांत अडकूं नयेत म्हणून ते बहुधा एकशें ते दोनशें नॅनोमीटरपर्यंत दळावे लागतात. केसाची जाडी सत्तर हजार नॅनोमीटरांच्या घरांत असते, यावरून या दळणाची कल्पना यावी. पारदर्शक पिशवीवर रंग उठून दिसावा म्हणून खालीं पांढरा थर द्यावा लागतो. पांढरें द्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. तें पाण्याच्या सुमारें चौपट जड. स्वस्थ ठेवलेल्या शाईंत तें तळाशीं बसतें, म्हणून पांढरी शाई यंत्रांत सारखी फिरती ठेवावी लागते.

यानंतर प्रकाशाचा प्रश्न. पूर्वीं यासाठीं पाऱ्याचे दिवे असत. त्यांत अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम मिळे, पण उष्णताही फार आणि ओझोनचा उग्र वासही फार. पातळ प्लास्टिक त्या उष्णतेनें आकसून जाई. आतां एल.ई.डी. दिवे आले आहेत. ते थंड, तात्काळ लागणारे, वीज कमी खाणारे. पण त्यांचा प्रकाश ३६५, ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटर अशा एका ठराविक जागींच एकवटलेला. पाऱ्याच्या दिव्याला सांपडणारा प्रकाशारंभक या दिव्याला दाद देईलच असें नाहीं. शिवाय काळें रंगद्रव्य स्वतःच प्रकाश गिळून टाकतें व खालच्या थराला उपाशी ठेवतें. चुलीवरच्या भाकरीला वरून डाग पडावेत आणि आंत ती कच्ची राहावी, तसा प्रकार येथें होतो.

दुसरा अडथळा प्राणवायूचा. जवसाच्या तेलाला वाळण्यासाठीं प्राणवायु हवा असे; या शाईला तोच नको असतो. सांखळीचें उघडें टोंक मोनोमरपर्यंत पोंचण्यापूर्वींच हवेंतील प्राणवायु त्याला धरतो व सांखळी तेथेंच खुंटते. थर जितका पातळ तितका हा उपद्रव अधिक, आणि इंकजेटचा थर तर पातळच. यावर उपाय म्हणून दिवा अधिक प्रखर करतात, शाईंत अमाइन जातीचीं द्रव्यें घालतात, किंवा दिव्याखालीं नायट्रोजन सोडून हवा बाजूला सारतात. म्हणजे एकीकडे तळ कच्चा राहण्याचें भय, दुसरीकडे पृष्ठभाग चिकट राहण्याचें भय, आणि दोन्हींच्या मध्यें ती शाई!

श्रोतेहो, येथवरचा विचार कारखानदाराच्या सोयीचा झाला. परंतु पिशवींत अन्न आहे हें विसरून चालणार नाहीं. २००५ सालीं इटलींत लहान मुलांच्या दुधांत आयटीएक्स हा प्रकाशारंभक सांपडला आणि तें दूध बाजारांतून काढून घ्यावें लागलें. दुधाच्या खोक्याची छपाई बाहेरच्या अंगाला होती. पण छापलेला कागद गुंडाळून ठेवला असतां बाहेरची बाजू आंतल्या बाजूला टेंकली आणि द्रव्य तिकडे गेलें. २००९ सालीं जर्मनी व बेल्जममध्यें न्याहारीच्या धान्यांत चार-मिथिलबेंझोफेनोन आढळलें. तें छापील पुठ्ठ्यांतून आंतल्या पिशवीच्या आरपार गेलें होतें. ती छपाई इंकजेटची नव्हती, पण शाईचें रसायन हेंच होतें. दोन्ही ठिकाणीं खोकीं हाताला कोरडीं ठणठणीत लागत होतीं. कोरडें तें सारें पक्कें नव्हे, आणि पक्कें तें सारें निर्धोक नव्हे, हा या दोन प्रसंगांचा धडा आहे. सांखळीबाहेर राहिलेला मोनोमर आणि प्रकाशारंभकाचे फुटके तुकडे डोळ्यांना दिसत नाहींत, बोटालाही लागत नाहींत.

हें मोजमाप किती सूक्ष्म आहे पाहा. ज्या द्रव्याची पुरती पारख झालेली नाहीं, तें एक किलो अन्नांत दहा मायक्रोग्रॅमहून अधिक उतरूं नये, अशी मर्यादा युरोपांत या कामीं सामान्यतः पाळतात. आपल्या हिशेबानें, दहा क्विंटल घेवड्यांत तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढें! आपल्याकडे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनीं वेष्टनावरची शाई भारतीय मानक १५४९५ प्रमाणें असावी, छापील बाजू अन्नाला लागूं नये, आणि वर्तमानपत्रांत अन्न बांधूं नये असें ठरवून दिलें आहे.

शास्त्रज्ञांचें लक्ष यामुळें एकाच गोष्टीकडे लागलें आहे, आणि ती म्हणजे निसटणारें द्रव्य मुळांत शाईंत ठेवूंच नये. कांहींनीं प्रकाशारंभकाचे रेणु मोठ्या रेणूंना बांधून टाकले, म्हणजे ते फुटले तरी पळून जाऊं शकत नाहींत. मात्र मोठा रेणु म्हणजे पुनः दाटपणा, हें आलेंच. कांहींनीं इलेक्ट्रॉनांच्या झोताचा आश्रय केला. त्यांत एवढा जोर असतो कीं प्रकाशारंभक लागतच नाहीं. नवी मुंबईंत वाशी येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें जें इलेक्ट्रॉन-झोताचें यंत्र आहे, त्यानें विजेच्या तारांच्या आवरणांतील सांखळ्या याच न्यायानें एकमेकींशीं जोडतात. शाईसाठीं त्याहून पुष्कळ कमी जोराचें यंत्र पुरतें, तथापि तेंही लहान छापखान्याच्या आवांक्यांतलें नव्हे. आणि या धांवपळींत पायाखालची जमीनही सरकते. एल.ई.डी. दिव्यांच्या शाईंत सर्वांत कामाचा ठरलेला टीपीओ नांवाचा प्रकाशारंभक प्रजननास घातक ठरून २०२३ सालीं युरोपीय संघाच्या चिंताजनक द्रव्यांच्या यादींत गेला. नखांवर लावून दिव्याखालीं घट्ट करावयाचा रंगही याच तत्त्वावर चालतो; त्यांत व इतर सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ घालण्यास युरोपांत १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. शाई बनविणाऱ्यांना आपले मसाले नव्यानें जुळवावे लागत आहेत.

या शोधांत आपल्या शेजारची एक वस्तु अनपेक्षितपणें पुढें आली, ती म्हणजे हळद. लुगड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हांत टाकला कीं फिका पडतो, हें आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. याचा अर्थ हळदीचें रंगद्रव्य, कर्क्यूमिन, प्रकाश शोषून स्वतः बदलतें. अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ जेम्स क्रिव्हेलो आणि त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं असें दाखविलें कीं, आयोडोनियम जातीच्या क्षारांबरोबर कर्क्यूमिन वापरलें असतां साध्या दृश्य प्रकाशानें, अगदीं उन्हानेंसुद्धां, इपॉक्सी जातीचे द्रव घट्ट करतां येतात. या सांखळीला प्राणवायूचा उपद्रवही होत नाहीं, आणि दिवा काढल्यावरही ती कांहीं काळ वाढत राहते. तथापि हुरळून जाऊं नये. कर्क्यूमिन पिवळें आहे, तेव्हां पांढऱ्या शाईला तें चालणार नाहीं. बरोबरच्या क्षाराचे तुकडेही निर्धोक आहेत कीं काय, हें निराळें तपासावें लागतें. आणि हवेंत दमटपणा असला तर ही सांखळी मंदावते. निसर्गांतलें म्हणून निर्धोक, असा न्याय रसायनशास्त्रांत नाहीं. पण वाट कोणत्या दिशेला असूं शकेल, एवढें यावरून दिसतें.

मग कोरेगांवच्या शेतकऱ्यानें किंवा व्यापाऱ्यानें काय करावें? पिशवी छापून घेतांना त्यानें छापणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. शाई अन्नाच्या वेष्टनासाठींच बनविलेली आहे काय, आणि तसें तिच्या कारखानदारानें लेखी दिलें आहे काय? दिवा त्या शाईच्या जोडीचा आहे काय, आणि त्याचा प्रखरपणा शेवटचा केव्हां मोजला? आणि छापलेल्या पिशव्यांची परीक्षा कोणती केली? द्रावकांत भिजविलेलें फडकें ठराविक वेळां घासून पाहणें, चिकटपट्टी लावून ओढणें, या परीक्षा छापखान्यांतच होतात. त्यांनीं शाई उघड कच्ची असल्यास कळतें. परंतु अन्नांत काय उतरतें, हें प्रयोगशाळेखेरीज कळत नाहीं. वास नाहीं म्हणजे धोका नाहीं असें समजूं नये. शंका असेल तर थेट पिशवीवर न छापतां बाहेरून लावावयाच्या चिठ्ठीवर छापावें. मात्र शाईचीं द्रव्यें साध्या प्लास्टिकच्याही आरपार जातात, म्हणून चिठ्ठी आणि दाणा यांच्या मध्यें ॲल्युमिनियमचा पदर असलेली पिशवी असावी. त्यानें किंमत थोडी वाढेल, पण दाणा सुरक्षित राहील.

यंत्रावर काम करणाऱ्या तरुणांसाठींही दोन शब्द. कच्ची शाई हाताला लागली तर ती स्पिरिटानें पुसूं नये, त्यानें ती कातडींत अधिकच शिरते. साबण व भरपूर पाणी वापरावें. हातमोजे व चष्मा यांचा कंटाळा करूं नये. एकदां अॅक्रिलेटची अॅलर्जी जडली कीं ती जन्मभर साथ करते, आणि मग हाताशीं आलेला धंदा सोडावा लागतो.

कोरेगांवच्या घेवड्याला स्वतःचें नांव मिळालें आहे. तें नांव पिशवीवर उमटविण्याचें साधनही आतां लहान माणसाच्या आवांक्यांत येत आहे, ही मोठीच सोय होय. परंतु ज्या शाईनें आपण आपल्या मालाची सचोटी जाहीर करणार, ती शाई स्वतः सचोटीची असली पाहिजे. बोट लावून तिची पारख होत नाहीं. ती विचारून, मोजून आणि लेखी घेऊनच करावी लागते. एवढें आपल्या ध्यानांत राहिलें तर आजच्या भाषणाचा हेतु सफल झाला, असें मी समजेन.